बेगमीचा कारभार

होळी आटोपली, उन्हे चढू लागली आणि नव्या गव्हाच्या पोत्यांनी पेठा भरल्या, की पूर्वी घरोघर एका मोठ्या कारभारास आरंभ होत असे. चैत्र-वैशाखाच्या दोन महिन्यांत पुढच्या बारा महिन्यांच्या अन्नाची तरतूद करावयाची, मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी धान्य, डाळी, चिंच, मिरची, हळद, पापड, कुरडया, सांडगे हे सर्व जिन्नस आपापल्या जागी पोचते करावयाचे, आणि मग चार महिने आभाळ फाटले तरी चुलीला त्याची झळ लागू द्यावयाची नाही, असा तो बंदोबस्त होता. गव्हाला एरंडेलाचा हात फिरे, कडधान्यात राख मिसळे, कणगीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला जाई. ज्या मुलखात जमीन साथ देई, तेथे धान्य भुईच्या पोटातही राही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची अशी पेवे शतकाहून अधिक काळ चालू होती. २००५ च्या महापुराने त्यांतली बहुतेक निकामी केली. पेव उघडले म्हणजे लगेच आत उतरू नये, कोंडलेली दूषित हवा निघून जाऊ द्यावी, हे तेथल्या हमालाला कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक असे.

अलीकडे, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत घरात कोंडून पडलेल्या सुशिक्षित कुटुंबांना आपल्या स्वयंपाकघराचा नव्याने परिचय झाल्यापासून, संथ आणि स्वावलंबी गृहजीवनाची ओढ पुष्कळांना लागली आहे. कोणी खिडकीत मेथी पेरतो, कोणी घरी साबण करतो, कोणी नोकरीचा राजीनामा देऊन कोकणात चार गुंठे घेतो. या ओढीची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही; मला मात्र ती मनापासून रास्त वाटते. परंतु ही मंडळी ज्या जुन्या घराकडे बोट दाखवून "पाहा, आपले पूर्वज कसे स्वयंपूर्ण होते" असे म्हणतात, त्या घराचा ताळेबंद एकदा तपासून पाहिला पाहिजे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

त्या वाड्यांच्या बळदांत जे धान्य पडे, ते पुष्कळदा त्या वाड्यातल्या कोणीच पिकविलेले नसे. ते कुळाकडून खंडाचे म्हणून येई. बैलगाडी दारात उभी राही, पायलीने माप होई, आणि गेल्या सालची बाकी निघाली तर तगादाही लागे. १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरला, कसणारा हा कायद्याने जमिनीचा मालक झाला, आणि त्याबरोबर शहरांतल्या कित्येक घरांची स्वयंपूर्णता एका रात्रीत संपुष्टात आली. ज्यांची गेली त्यांनी त्या कायद्याला पिढ्यान्‌पिढ्या दूषणे दिली. माझ्या मते, जी स्वयंपूर्णता सरकारी हुकुमाच्या एका फटकाऱ्याने नाहीशी होते, ती मुळात दुसऱ्याच्या श्रमावर उभी होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. खेड्यातल्या कुणब्याचे घर त्या मानाने खरे स्वावलंबी. पण त्यालाही नांगराच्या फाळासाठी लोहार, मडक्यासाठी कुंभार, मोटेसाठी चांभार लागे, आणि सुगीत त्यांचे बलुते मळणीच्या खळ्यावरच मोजून द्यावे लागे. एकट्याने पुरे पडणारे घर या देशात कोणी बांधले असेल, असे मला वाटत नाही.

आणि घरातला जो श्रम, त्याची नोंद कोणत्याच दफ्तरात नव्हती. पहाटे जात्यावर बसणारी, दुपारी पापडाचे पीठ कुटणारी, सांजेला चिंच फोडता फोडता चिंचोके निराळे काढणारी स्त्री ही त्या बेगमीची कोठावळी, कामगार आणि पहारेकरीणही होती. पुरुषमाणूस या कारभारात शिरे तो बहुधा लोणच्याची फोड चाखण्यापुरता. हा श्रम जमेच्या बाजूस मांडता येतो, हे दाखविले ते गिरगावातल्या सात गृहिणींनी. १५ मार्च १९५९ रोजी ऐंशी रुपये उसने घेऊन त्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास घेतले. 'लिज्जत' या नावाने तो व्याप पुढे केवढा वाढला हे सर्वश्रुत आहे. मला त्यात विशेष वाटते ते असे, की त्या संस्थेत लाटणारी बाई पीठ घरी नेते, आपल्याच ओट्यावर लाटते, आणि तरीही तिच्या हाताला मोल मिळते, संस्थेत तिचा वाटाही असतो. आमच्या घरी पापड आम्ही करीत नाही, बचत गटाकडून विकत घेतो, आणि त्यामुळे आमच्या स्वावलंबनास काही बाध येतो असे मी मानीत नाही.

स्वावलंबनाचा अगदी शुद्ध प्रयोग ज्यांनी केला, त्यांचेही उदाहरण बोलके आहे. १९५० साली पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचे व्रत आरंभिले: पैशाचे दान घ्यावयाचे नाही, बैलही लावावयाचा नाही, स्वतःच्या हातांनी माती खणून जे पिकेल त्यावर राहावयाचे. हा प्रयोग ऐन रंगात असताना, १९५१ च्या एप्रिलात, तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूमिहीनांसाठी जमीन मागण्याचा प्रसंग आला, आणि कोणाकडून काही न घेण्याचा संकल्प केलेला हा पुरुष पुढची तेरा-चौदा वर्षे दारोदार मागत हिंडला. याला कोणी विसंगती म्हणेल. मला ती त्याच विचाराची पुढची पायरी वाटते. आपले भागले म्हणून शेजाऱ्याचे भागतेच असे नाही, हे ज्याला दिसते त्याला कुंपणाच्या आत फार काळ स्वस्थ बसवत नाही.

मग जुन्या घरातले घेण्याजोगे काय राहते? माझ्या मते, वस्तूच्या गतीने चालण्याची सवय. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजला पाहिजे आणि त्याचे पाणी रोज बदलले पाहिजे. दोन दिवसांत उरकू म्हटले तर चीक सुटत नाही, पाचवर लांबवला तर आंबूस वास जात नाही. वाटून, पिळून, फडक्यातून गाळून घेतलेला चीक रात्रभर निवळू द्यावा लागतो, सकाळी वरची निवळी अलगद ओतून टाकावी लागते, आणि मग मीठ-हिंग घातलेल्या आधणात तो धारेने सोडून एकाने न थांबता घोटीत राहावे लागते, कारण हात क्षणभर थांबला की गुठळी धरते. पांढुरका चीक शिजून काचेसारखा झाला, की तो गरम असतानाच सोऱ्यात भरावयाचा. निवाला तर दाबणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि तार तुटते. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, भांड्याला लागलेला चीक मुलांच्या वाट्यास जातो. या सर्व व्यवहारात मनुष्याच्या घाईगर्दीला कोणी विचारीत नाही. गहू, पाणी, विस्तव आणि ऊन यांचा अंमल चालतो. कष्ट यात भरपूर आहेत, आराम मुळीच नाही, आणि म्हणून संथपणा म्हणजे निवांतपणा असे समजून जो या वाटेस लागेल, तो पहिल्याच उन्हाळ्यात परत फिरेल. परंतु दिवसभर यंत्राच्या इशाऱ्यावर धावणाऱ्या मनाला, घाई करून जे लवकर होत नाही अशा एखाद्या कामाचा सहवास अतिशय मानवतो, हे मी आमच्या घरात पाहत आलो आहे.

गच्चीवर आमच्या काही कुंड्याही आहेत. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक; पालापाचोळा, उसाचे पाचट आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून शहरी गच्चीवर भाजी कशी उभी करता येते, याचे गणित त्यांनी आणि त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने सामान्य माणसांपुढे मांडले. त्यांच्या हिशेबाइतके उत्पन्न आमच्या कुंड्यांनी कधी दिलेले नाही. अळू आणि गवती चहा यांपलीकडे आमचे स्वराज्य पसरलेले नाही, आणि कोथिंबीर आम्ही मंडईतूनच आणतो. मात्र घरचा ओला कचरा घराबाहेर जात नाही, हा एक लाभ पदरी आहे.

यंदा कुरडयांची तजवीज चालली असताना आमच्या सूनबाईंनी, ज्या एका बँकेत अधिकारी आहेत, एक अट घातली. "बाबा, कुरडया घालायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या, "पण चीक घोटायला तुमचे चिरंजीव उभे राहतील, आणि सोऱ्या फिरवायला तुम्ही." अट न्याय्य होती, मी ती जागच्या जागी कबूल केली, आणि चिरंजीवांनी थोडी कुरकुर करून मान्य केली. दुसरी अडचण गच्चीची. आमच्या गृहनिर्माण संस्थेत गच्चीचा वापर करावयाचा तर लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात कारण नमूद करावे लागते. 'वाळवण' हे कारण नियमावलीत बसते की नाही यावर कार्यकारिणीत बराच खल झाला म्हणतात. शेवटी पाण्याच्या टाक्यांची वाट मोकळी ठेवण्याच्या शर्तीवर रविवारपासून तीन दिवसांची परवानगी मिळाली, आणि ती मिळाल्याचे कळताच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आपले सांडगेही त्याच परवानगीत बसवून घेतले.

त्यावरून उलटा हिशेब करून गहू बुधवारी रात्री भिजत घालावयाचे ठरले आहे. गुरुवारी आणि शुक्रवारी पाणी बदलण्याचे काम नातीकडे, शनिवारी संध्याकाळी वाटण आणि गाळणे सर्वांनी मिळून, आणि रविवारी पहाटे, ऊन गच्चीवर पोचण्यापूर्वी, चीक आधणात पडला पाहिजे. चिरंजीवांनी शनिवार संध्याकाळची एक बैठक पुढे ढकलली आहे. काकूंच्या सांडग्यांना जागा पूर्वेकडची द्यावी की पश्चिमेकडची, एवढाच मुद्दा अद्याप अनिर्णित आहे.