रंग न धरणारी खुर्ची

प्लास्टिकची जुनी खुर्ची रंगवायला काढण्याआधी ती उलटी करून बैठकीखाली पाहावे. तिथे बऱ्याचदा बाणांचा एक लहान त्रिकोण उमटवलेला असतो, त्यात आकडा असतो. खुर्चीवर तो बहुधा ५ असतो आणि त्याखाली ‘पीपी’, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बादल्या, टब आणि पिंपे यांवर ५ किंवा २ सापडतो. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिथिलीन. रंग टिकणार की सुटणार, हे दुकानातल्या रंगाच्या डब्यापेक्षा या आकड्यावर जास्त अवलंबून असते. आकडा नसेल तर वस्तूच्या आतल्या कडेची नखाएवढी कपची काढून ती पाण्यात बुडवून सोडावी. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे कपची वर येते. मिक्सर किंवा टीव्ही यांच्या बाहेरच्या खोक्याचे एबीएस, पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसी बुडतात. ढोबळ नियम असा की बुडणारे प्लास्टिक रंग घेते आणि तरंगणारे नाकारते.

दिवाळी जवळ आली की जुन्या खुर्च्या, स्टुले आणि कुंड्या स्प्रेच्या एका डब्यात नव्या झालेल्या दाखवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. कपची पाण्यात टाकण्याची ही दोन मिनिटांची परीक्षा त्यांत सहसा नसते. रंग मारल्यावर पंधरा दिवसांनी खुर्ची कशी दिसते, तेही दाखवले जात नाही. पाहणारा माणूस दोन-तीन डबे आणतो, रविवार घालवतो आणि महिनाभरात खुर्चीच्या हातांवरून रंगाचे पापुद्रे निघू लागतात. मग दोष आपल्या हाताला किंवा रंगाच्या कंपनीला दिला जातो. खरे कारण प्लास्टिकच्या घडणीत आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग पाण्याशी बराचसा तसाच वागतो. कोणताही द्रव एखाद्या वस्तूवर पसरायचा तर त्याचा पृष्ठताण त्या वस्तूच्या पृष्ठऊर्जेहून कमी असावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे आणि पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा त्याच मापात साधारण ३०. रंगातला द्रावक पाण्यापेक्षा सहज पसरतो, त्यामुळे स्प्रे मारताना सगळे ठीक दिसते. पण पसरणे वेगळे आणि धरणे वेगळे. एबीएसवर रंग पडला की त्यातला द्रावक वरचा थर किंचित मऊ करतो आणि रंग त्यात रुतून बसतो. पॉलिप्रॉपिलीन त्या द्रावकाला दाद देत नाही. ते मऊ होत नाही आणि रंगाच्या रेणूंना पकडायला त्याच्या पृष्ठभागावर काही जागाही नसते. रंग वाळून नुसता वर पांघरलेला राहतो. त्यात हे प्लास्टिक उन्हात बरेच फुगते. दुपारच्या आणि पहाटेच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर एक मीटर लांबीच्या तुकड्यात सुमारे तीन मिलिमीटरचा फरक पडतो. पकड नसलेला रंग ही रोजची ओढाताण सहन करू शकत नाही.

फुटलेली खुर्ची नेहमीच्या डिंकाने का चिकटत नाही, याचेही कारण हेच. ते बादल्या जोडणाऱ्या फेरीवाल्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. चाळींतून आणि वाड्यांतून हिंडणारा हा कारागीर डिंकाच्या वाटेला जात नसे. शेगडीवर लोखंडी सळई तापवायची, चिरेच्या दोन्ही कडा वितळवायच्या आणि दुसऱ्या फुटक्या बादलीचा तुकडा ठिगळ म्हणून त्यावर दाबायचा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळते आणि वितळलेल्या अवस्थेत आपल्याच जातीच्या प्लास्टिकशी एकजीव होते. परक्या जातीशी होत नाही. त्यामुळे ठिगळ निवडताना जात ओळखणे हे या कामातले खरे कसब. धारावीत भंगार निवडणारे कामगार हीच ओळख आजही तुकडा वाकवून, त्याचा आवाज ऐकून आणि कोपरा पेटवून येणाऱ्या वासावरून पटवतात. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिलीनच्या कुळातले, नाकात झोंबला तर पीव्हीसी. (घरी हा प्रयोग करू नये, जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.) कल्हईवाल्याच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, बादली जोडणाऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नवी बादली स्वस्त झाली आणि ही फेरी बहुतेक गल्ल्यांतून दिसेनाशी झाली. त्याचे जोड ओबडधोबड दिसत, पण पाणी धरत. प्लास्टिकच्या घरगुती दुरुस्तीतले सर्वांत टिकाऊ काम तेच होते, आणि आजही चिरलेली वस्तू रंगवण्याआधी तिचा जोड वितळवूनच करायला हवा. चिरेत लांबी भरून वर रंग मारला तर पहिल्याच वजनाला चीर पुन्हा उघडते.

रंगवण्याआधी वस्तू रंगवण्याच्या लायकीची उरली आहे का, हेही पाहावे लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात. आधी रंग उडतो, मग बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागते आणि पुढे केसासारख्या बारीक चिरा पडतात. अशी खुर्ची ठिसूळ झालेली असते. तिचा पाय बाहेरच्या बाजूला दाबून पाहावा. कडकड आवाज आला किंवा चिरा फाकल्या तर ती खुर्ची रंगवू नये, भंगारात द्यावी. भुकटी आणि चिरा ही त्या वस्तूने दिलेली सूचना असते. रंगाने ती झाकली जाते आणि एखाद्या दिवशी घरातले वयस्कर माणूस त्या खुर्चीसकट कोसळते. सुबक रंगाच्या हौसेपायी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

वस्तू मजबूत असेल तर पुढचे बहुतेक काम धुण्याचे आहे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तेलाचा अंश असतो, हॉलमधल्या खुर्चीवर चमक आणणाऱ्या पॉलिशचा. भांड्यांच्या साबणाने दोनदा घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन वस्तू पूर्ण वाळू द्यावी. मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर सगळीकडे हलक्या हाताने फिरवावा. चकाकी जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला पाहिजे आणि भुकटीचा थर असेल तर तो पूर्ण निघाला पाहिजे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. थिनर वापरू नये. पॉलिस्टायरीन त्यात विरघळते.

यानंतर तरंगणाऱ्या प्लास्टिकसाठी एक पायरी चुकवता येत नाही. मोटारींचे बंपर बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांवर रंग टिकतो, कारण गॅरेजमध्ये आधी प्लास्टिक प्रायमरचा पातळ थर दिला जातो. क्लोरीन जोडलेले पॉलिप्रॉपिलीन हा त्यातला नेहमीचा मुख्य घटक. एका बाजूने ते प्लास्टिकच्या जातीचे आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरणारे, म्हणून मधल्या दुव्याचे काम करते. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात तो स्प्रेच्या डब्यातही मिळतो. घेताना तो पॉलिप्रॉपिलीनसाठी असल्याची खात्री करावी. लाकडाचा किंवा लोखंडाचा प्रायमर इथे उपयोगाचा नाही. पॉलिथिलीनच्या टाक्या आणि पिंपांवर मात्र प्रायमर देऊनही फार आशा धरू नये.

प्रत्यक्ष रंगकाम थोडक्यात सांगता येते. डबा एक-दोन मिनिटे हलवावा, आतली गोळी मोकळेपणी खुळखुळली पाहिजे. २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, हात सतत सरकता ठेवून तीन-चार पातळ हात द्यावेत. पहिल्या हातात खालचा रंग दिसतच राहतो आणि तो झाकण्याच्या मोहातच ओघळ येतात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा.

हवामानाकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या रंगावर जमते. चकाकता रंग दुधाळ, मलूल होतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ, ऊन चढण्याआधीची आणि वारा पडलेली, सर्वांत चांगली. डब्यातला वायू आणि द्रावक दोन्ही ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साठते. म्हणून गॅसची शेगडी, देवघरातली समई आणि पेटती उदबत्ती यांच्या आसपास स्प्रे मारू नये. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे मोठे कण अडवील, वाफ अडवणार नाही; काम गच्चीवर किंवा अंगणातच करावे.

स्पर्शाला कोरडा झालेला रंग पक्का झालेला नसतो. त्याला पाच ते सात दिवस लागतात. तोवर खुर्चीवर बसू नये आणि खुर्च्या एकात एक रचू नयेत; रचल्या तर त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना रंग उपटून निघतो.

काही वस्तू मुळीच रंगवू नयेत. धान्याचे आणि मसाल्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, ताटे यांना हा रंग लावू नये. तान्ह्या मुलांची चोखायची खेळणीही तशीच सोडावीत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरात त्याआधीचा डबा पडून असेल तर तो वापरू नये. दुचाकीचे हेल्मेट रंगवणे सर्वांत धोक्याचे. त्याचे कवच बहुधा एबीएसचे किंवा पॉलिकार्बोनेटचे असते. रंगातला द्रावक त्यात न दिसणाऱ्या चिरा पाडू शकतो आणि आतल्या थर्माकोलला खाऊ शकतो. बाहेरून नवे दिसणारे हेल्मेट मग आघाताच्या क्षणी फुटू शकते.

काम संपले की डबा उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दाबावा, म्हणजे तोटी तुंबत नाही. उरलेला डबा उन्हापासून दूर, ५० अंशांखालीच ठेवावा. रिकामा डबा भोसकू नये, जाळू नये. वायू पूर्ण संपल्यावर भंगारवाल्याकडे पत्र्याच्या भंगारात द्यावा. रंगवलेली खुर्ची पुढे कधी भंगारात निघाली तर ती रंगवलेली असल्याचे त्याला सांगावे. रंगाचे कण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळले की त्या मालाचा दर्जा उतरतो, म्हणून असा तुकडा दळण्याआधीच वेगळा काढावा लागतो.