अनोळखी माणसाने दार वाजवावे की नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अण्णांच्या मोबाइलवर मेसेज आला : ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ अण्णा चौथी शिकलेले. धाकटीचा अभ्यास बुडेल या धास्तीने त्यांनी फोन केला आणि साडेतीन हजार रुपये घालवून बसले. घरातला पहिला कॉलेजकुमार मी, तेव्हा बोलणी मलाच बसली. “मग तू तिथे शिकतोस तरी काय?”

तेव्हापासून हा स्पॅमचा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निदान सगळी सत्ता एका कंपनीच्या हाती आहे. टॉवरच्या फाटकावर एक वॉचमन असावा तशी. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अशी अफवा फुकट आणि क्षणात पसरते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे जाहीर केले. एकाने ठरवले आणि कोट्यवधी फोनांना लागू झाले!

पण १९९९ साली सुरू झालेले जॅबर किंवा अलीकडचे मॅट्रिक्स ही विकेंद्रित जाळी. त्यांना मालकच नाही. कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि ईमेलप्रमाणे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलावे. मला ही कल्पना मनापासून आवडते. आपले बोलणे एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर का असावे? मात्र इथे एका सर्व्हरने हाकललेला ठग दुसऱ्यावर खाते उघडतो.

यावर कुणी म्हणतात, घाण जिथून येते तो सर्व्हरच तोडा. म्हणजे एक चोर निघाला म्हणून सबंध चाळ वाळीत! असल्फ्याचा पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे मी पाहिले आहे. कुणी म्हणतात, ओळखीच्याखेरीज कुणाचा मेसेजच घेऊ नका. पण मित्रहो, आमच्यासारख्यांना ओळखी असतात कुठे? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत संपत आल्याचे मला प्रथम वर्षाला कळले, ते एका अनोळखी नंबरावरून. तृतीय वर्षाच्या एका ताईने यादीतून नंबर शोधून कळवले होते.

म्हणून माझे मत असे, की अनोळखी माणसाला एक छोटा मेसेज पाठवू द्यावा. त्यात लिंक नको, चित्र नको, आणि समोरच्याने होकार दिल्याशिवाय दुसरा नको. नव्या खात्याला सुरुवातीला दिवसाकाठी मोजकेच मेसेज द्यावेत. २०११ साली ट्रायने एसएमएसला दिवसाला शंभरची आणि पुढे दोनशेची मर्यादा घातली होती, तिचे तत्त्व हेच. मात्र इथे हिशेब घेणाऱ्याच्या सर्व्हरने ठेवावा, कारण पाठवणारा सर्व्हर ठगाचाच असू शकतो. त्या ताईला एक मेसेज पुरला. ठगाला लाखो लागतात.

अण्णांना फसवायलाही एकच मेसेज पुरला, हे मला मान्य आहे. त्यात लिंकही नव्हती, नुसता नंबर. मी त्यांनाच विचारले, काय असते तर तुम्ही थांबला असता? ते म्हणाले, “वर मोठ्या अक्षरांत मराठीत ‘अनोळखी’ असं आलं असतं, तर आधी तुला फोन केला असता.”

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या ग्रंथालयात फोन बंद ठेवून बसलो होतो.