एकाच लेखणीतून

१९७२ साली 'पिंजरा'तल्या लावण्यांनी गावोगावची थिएटरं दणाणून गेली. त्याच वर्षी 'आम्ही जातो अमुच्या गावा'मधलं एक भक्तिगीत घरोघरी पोचलं. दोन्हींचे शब्द जगदीश खेबुडकरांचे. पेशाने ते शिक्षक.

फडावरची लावणी आणि हात जोडून म्हणायचं भजन एकाच लेखणीतून उतरावं, याचं नवल आपल्याला वाटतं. होनाजीला वाटलं नसतं. होनाजी शिलारखाने, उत्तर पेशवाईतला गवळ्याच्या घरातला शाहीर. शृंगाराच्या लावण्या त्याच्या, आणि आजही पहाटे म्हटली जाते ती भूपाळीही त्याचीच. तो रचायचा, बाळा करंजकर गायचा. दोघांची नावं अशी जुळली, की होनाजी बाळा हा एकच माणूस असावा असं कित्येकांना वाटतं. व्ही. शांतारामांनी १९५१ मध्ये 'अमर भूपाळी' काढला तो याच होनाजीवर, आणि खेबुडकरांकडून 'पिंजरा'ची गाणी लिहून घेतली तीही त्यांनीच.

गदिमांचंही तेच. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. त्याची छप्पन्न गाणी ऐकताना लोक रेडिओला हार घालत. त्याच गदिमांनी १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'साठी ठसकेबाज लावणी लिहिली. त्याआधी १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी'चं लेखन त्यांनी केलं होतं. हा राम जोशी सोलापूरचा, वैदिकाच्या घरातून तमाशात गेलेला, आणि पुढे मोरोपंतांच्या आर्यांवर कीर्तनं करणारा. गदिमा आपल्याच कुळातल्या माणसाबद्दल लिहीत होते, असं मला वाटतं.

हे साम्य स्वभावाचं नाही, कामाचं आहे. गीतकार कुणासाठी तरी लिहितो: फडासाठी, निर्मात्यासाठी, आधी बांधलेल्या चालीसाठी. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून ओळ पहिल्या ऐकण्यात पोचावी लागते. गळ्याला ठहराव मिळेल तिथे दीर्घ अक्षर हवं, ध्रुपद दुसऱ्यांदा येईल तेव्हा ऐकणाऱ्याच्या ओठांवर असायला हवं. ही कारागिरी लावणीला लागते तेवढीच अभंगाला लागते. ज्याला ती साधली, त्याला दोन्ही साधतं.

आपल्या वाङ्मयेतिहासात पेशवाईतल्या शाहिरांना स्वतंत्र प्रकरण मिळतं. चित्रपटगीतकाराची मात्र दोन ओळींत बोळवण होते. हा अन्याय आहे. होनाजीही लोकांच्या मागणीवरच लिहीत होता. दोनशे वर्षं उलटली म्हणून तो साहित्यात आला, आणि खेबुडकरांची गाणी अजून लोकांच्या तोंडी आहेत म्हणून ते बाहेर राहिले, हा न्याय मला पटत नाही. म्हणूनच यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग गीतकारांना दिला आहे.

वाचकहो, यंदा दिवाळी पहाटेच्या मैफलीला जाल, तेव्हा निवेदक गायकाचं आणि संगीतकाराचं नाव सांगून थांबला, तर शब्द कुणाचे, हे त्याला जरूर विचारा.