सेंट मारून कुठे निघाली?

आपल्याकडे बाईने परफ्यूम लावला की प्रश्न ठरलेला आहे. "आज काय विशेष?" शेजारच्या काकू अहिराणीत विचारतील, "आज कोनं लगीन शे वं?" आणि ऑफिसातला एखादा भाऊ काहीच न विचारता नुसता हसेल. ते हसणं प्रश्नापेक्षा वाईट. पुरुषाने अर्धी डिओची बाटली अंगावर रिकामी करून एसटीत बसावं, कोणी हूं की चूं करत नाही. गुटख्याचा वास तर आपण हवेचाच भाग मानलाय. पण बाईच्या अंगाला मोगऱ्याचा, गुलाबाचा वास आला की तिची चौकशी सुरू.

मी वीसेक वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतेय. तहसील, पंचायत समिती, पोलीस स्टेशन, जिनिंग, कुठल्यातरी गावचा मोर्चा. सकाळी आंघोळ झाली की मनगटाला आणि मानेला एकेक फवारा मारते आणि निघते. जुन्या धाटणीचा, फुलांचा शांत वास. चमेली, गुलाब, खाली थोडं चंदन. सुरुवातीला टोमणे ऐकले. "बातमी आणायला चालली का सिनेमात?" असंही एकाने विचारलं होतं. आता लोकांना सवय झालीय. तेव्हा आज लिहितेय ते माझ्यासाठी नाही. मला फार तर टोमणा मिळतो. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे, म्हणून तेवढ्यावर भागतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एरंडोलात हळदी-कुंकवाची रांग लागते. पूर्वी घरात व्हायचं, आता मंडपात होतं. वॉर्डाचं, बचत गटाचं, भावी उमेदवाराच्या सौभाग्यवतींचं. साउंड, उखाणे, पैठणीचा लकी ड्रॉ. वाणात आधी चहाची गाळणी आणि प्लास्टिकचे डबे असायचे. हल्ली दोन ठिकाणी छोट्या परफ्यूमच्या बाटल्या बघितल्या. गुलाबी खोकं, वर फुलाचं चित्र. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. गाळणी शेवटी घराच्या कामाची, बाटली त्या बाईची स्वतःची.

पण त्यातल्याच एका मंडपात जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. हळदी-कुंकवाचा क्रम तुम्हाला माहीत आहे. आधी हळद, मग कुंकू, मग मनगटाला अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ आणि वाण. दहा-अकरा वर्षांची एक पोरगी अत्तरदाणी घेऊन रांगेने चालली होती. मागच्या ओळीत एक ताई बसल्या होत्या. वय चाळिशीच्या आत, नवरा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. मोठ्या जाऊबाईंना सोबत म्हणून आल्या होत्या. पोरगी त्यांच्याजवळ आली, वर कपाळाकडे बघितलं आणि पुढच्या बाईच्या मनगटाला अत्तर लावलं. कोणी डोळे वटारले नाहीत, कोणी हात धरला नाही. पोरीला ते आधीच येत होतं. आपल्या पोरी पाढ्यांच्या आधी हे शिकतात.

नंतर त्या ताईंशी बोलले. त्यांच्याकडे परफ्यूम आहे. स्वतःच्या पगारातून जळगावहून आणलेला. लावता का, विचारलं. म्हणाल्या, "लावते ना ताई. रविवारी. घरीच असते तेव्हा." कामावर जायच्या दिवशी नाही, लग्नाकार्यात तर नाहीच. दार लावून घ्यायचं आणि मग मोगऱ्याचा वास घ्यायचा.

कुंकवाबद्दल आपल्याकडे निदान वाद तरी होतो. अत्तराबद्दल तोही होत नाही, कारण ती फार छोटी गोष्ट वाटते. मला ती छोटी वाटत नाही. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी यांना लग्नाची खूण तरी म्हणता येतं. चांगल्या वासाचा लग्नाशी काय संबंध? नाक कुमारिकेला असतं, सुवासिनीला असतं आणि विधवेलाही असतं. शब्दाची गंमत बघा. 'सुवासिनी'मधला 'वास' हा मुळात राहण्याचा, निवासाचा वास. पण आपल्या कानाला त्यात सुवासच ऐकू येतो. आणि आपण वागतो तेही तसंच. सुवास सुवासिनीचा, बाकीच्यांनी साबणावर भागवावं.

काहीजण म्हणतील, ताई, जुनं काय उकरून काढता, हे सगळं आता संपलं. संपलं असतं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडला ठराव करावा लागला नसता. शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. पंधरा दिवसांच्या आत, १७ मे ला, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडसारखं करावं. मी त्या वेळी बातमी लावली होती. आपल्याकडच्या किती ग्रामसभांत तो विषय मांडला गेला आणि तुमच्या गावात त्याचं काय झालं, ते तुम्हीच आपापल्या ग्रामसेवकाला विचारा.

आणि दूर कोल्हापूरला कशाला जायचं? बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या. तरुण वयात नवरा गेला, मुलं लहान. शेती, घर, चूल सांभाळत बाई ओव्या रचत राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की जळगावात केवढी मोठी कवयित्री होऊन गेली. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. त्या बहिणाबाई आज आपल्या वॉर्डाच्या मंडपात आल्या असत्या तर अत्तरदाणी त्यांच्यासमोर थांबली असती का, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

हा रोग फक्त आपला आहे असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये काय होतं? घरंदाज बाईने एकाच फुलाचा साधा वास लावावा, गुलाब किंवा व्हायोलेट. चमेली, कस्तुरी असले भारी वास नाटकवाल्या आणि नाचणाऱ्या बायकांचे, असा समज. १९२१ मध्ये कोको शनेल नावाच्या बाईने एर्नेस्त बो या अत्तरकाराकडून शनेल नंबर फाइव्ह बनवून घेतला. त्यात चमेली आणि गुलाब तर होतेच, वर प्रयोगशाळेत तयार केलेले रेणूही होते, त्यामुळे नेमका कोणत्या फुलाचा वास ते सांगता येईना. घरंदाज कोण आणि बिनघरंदाज कोण, हे वासावरून ओळखायची सोयच गेली. पुढे १९३० मध्ये, जगभर मंदी असताना, जाँ पातू यांचा 'जॉय' आला. एका औंसाला दहा हजारांवर चमेलीची फुलं आणि अठ्ठावीस डझन गुलाब लागतात अशी त्याची ख्याती होती. बाटलीची किंमत का परवडत नाही, ते यावरून कळतं.

पण हे सगळं परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. तो मोगरा आपलाच. तामिळनाडूत मदुराई, कोइंबतूरकडे मोगरा-चमेलीचा अर्क काढतात आणि तो फ्रान्सच्या मोठमोठ्या कंपन्यांना जातो. आणि उत्तर प्रदेशातलं कनौज आहेच. तिथे आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली गोवऱ्या-लाकडाचा जाळ करतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, भपक्यात चंदनाचं तेल असतं आणि फुलाचा जीव त्या तेलात जाऊन बसतो. पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो ना, त्याचंसुद्धा अत्तर काढतात तिथे. म्हणजे फुलं आमची, तेल आमचं, फक्त लावायची परवानगी कपाळ बघून.

सरकारचं कपाटही तसंच लावलेलं आहे. २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून कुंकू, टिकली, सिंदूर, आलता आणि साध्या बांगड्यांवर शून्य टक्के. परफ्यूमवर सुरुवातीला २८ टक्के, नोव्हेंबर २०१७ पासून १८ टक्के. सॅनिटरी पॅडवरचा कर जायला मात्र जुलै २०१८ उजाडलं, तेही देशभर बायकांनी आरडाओरडा केल्यावर. परफ्यूम करमुक्त करा अशी माझी मागणी अजिबात नाही, त्याच्याआधी शंभर गोष्टी आहेत. पण यादी करणाऱ्याच्या डोक्यात काय असतं ते दिसतं. सौभाग्याचं ते गरजेचं, स्वतःच्या आनंदाचं ते चैनीचं.

आता विरोधाचे मुद्दे. मला माहीत आहेत, कमेंटमध्ये येणारच आहेत.

पहिला, "बाई वास लावून फिरली की पुरुषांचं लक्ष जातं." हे जाहिरातींनी डोक्यात भरलंय. जून २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती इतक्या घाणेरड्या होत्या, सामूहिक बलात्काराची आठवण करून देणाऱ्या, की केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याला त्या काढायला लावाव्या लागल्या. हेरवाडचा ठराव मे महिन्यातला आणि ही जाहिरात पुढच्याच महिन्यातली. बाई वास स्वतःसाठी लावते, ही गोष्ट कुणाच्या गावीच नाही. दुपारी बाराला पंचायत समितीच्या जिन्यात घामाघूम गर्दीत उभी असताना मनगट नाकाजवळ नेलं आणि मोगरा आला की मला पाच मिनिटं बरं वाटतं. एवढाच माझा हेतू असतो, बाकी कुणाला आकर्षित करायला मला वेळ नाही.

दुसरा मुद्दा खरा आहे. काहींना वासाने डोकं दुखतं, दम्याच्या माणसाला त्रास होतो. म्हणून लावायचं ते बेताने. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. अशा उन्हात वास लवकर उडतो, म्हणून बायका जास्त मारतात आणि बंद गाडीत शेजारच्याचा जीव घाबरतो. त्यापेक्षा आंघोळीनंतर जरा खोबरेल किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर एक-दोन फवारे पुरतात, कोरड्या अंगावर टिकत नाही. मनगटं एकमेकांवर घासू नका. दुकानात बाटली उघडून नाकाला लावली आणि घेतली, असं करू नका. पहिला वास लिंबू-संत्र्यासारखा येतो, तो दहा-पंधरा मिनिटांत जातो, फुलं त्याच्यानंतर उमलतात. मनगटाला लावा, बाजारात एक चक्कर मारा, मग ठरवा. बाटली खिडकीत उन्हात ठेवू नका. रेशमी साडीवर थेट मारू नका, डाग पडतो. आणि मोठ्या ब्रँडचं नाव छापलेली दीडशे रुपयांची बाटली घेण्यापेक्षा त्याच पैशात खात्रीच्या दुकानातून मोगऱ्याचं अत्तर घ्या, थेंबभर पुरतं. तेही नको असेल तर उन्हाळ्यात गजरा घ्या. फक्त गजरा मागितला की कपाळाकडे बघून मग पुडी बांधणारे महाभाग अजून आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

तिसरा मुद्दा म्हणजे "परंपरा". परंपरेबद्दल मला आदर आहे. कानबाई बसतात तेव्हा मी रोट खायला सगळ्यात पुढे असते. पण परंपरा सांभाळायचं काम नेहमी जिचा नवरा गेला तिच्याच वाट्याला का येतं? बायको गेलेल्या आबांना कोणी सांगत नाही की आता अत्तराचा फाया कानात ठेवू नका. बायको गेलेले आबा लग्नात पहिल्या रांगेत बसतात, त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडतात, फेटा बांधतात. आणि तेच योग्य आहे.

काही मंडळांनी विधवांसाठी वेगळं हळदी-कुंकू सुरू केलंय. हेतू चांगला आहे, त्यांच्या बातम्या मी आनंदाने लावते. पण 'वेगळं' मला खटकतं. त्यात भाषणं होतात, साडी देतात, फोटो काढतात, आणि पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या नेहमीच्या कार्यक्रमात ती बाई परत मागच्या ओळीत. शिवाय काही बायका स्वतःच नको म्हणतात. सासूबाईंना काय वाटेल, मुलीचं लग्न जमवायचंय, लोक बोलतील. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. कुंकू लावायचं की नाही ते तिने ठरवावं. अत्तरदाणी मात्र तिच्यासमोर थांबली पाहिजे. लावायचं नसेल तर ती हात मागे घेईल. आज तिला हात पुढे करायचीच सोय नाही.

रथसप्तमीपर्यंत अजून बरेच मंडप पडायचे आहेत आणि पत्रिका छापायला गेलेल्या नसतील. त्यात "सर्व सुवासिनींनी" असं असतं, तिथे "सर्व महिलांनी" एवढं करा. एका शब्दाचा फरक आहे, प्रेसवाला जास्त पैसे घेणार नाही. वाणाच्या बाटल्या मोजताना मागच्या ओळीतल्या खुर्च्याही मोजा. आणि अत्तरदाणी ज्या पोरीच्या हातात देणार आहात, तिला आधी बाजूला घेऊन सांगा की रांगेत एकही मनगट सोडायचं नाही. ज्या मंडळाने असं केलं त्यांनी फोटो पाठवा, पक्ष कुठलाही असो. बातमी मी लावते.