भिंत कुणाच्या बापाची?

दिवाळीला पुण्याहून चकलांब्याला आलो की कुठली टपरी कुणाची, हे मला पाटी न वाचताच कळतं. भिंतीवर कुणाचं चित्र आहे, झेंडा कुठल्या रंगाचा आहे, एवढं बघितलं की झालं. आपल्या गावांत भिंती आता जातीचा दाखला दाखवत उभ्या असतात.

2023 च्या ऑक्टोबरात मराठवाड्यात वेशीवेशीवर नेत्यांना गावबंदीचे बोर्ड लागले. ते सत्तेला जाब विचारत होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2024 च्या लोकसभेनंतर बोर्डांचं तोंड फिरलं. आता ते शेजाऱ्याकडे बघून दंड थोपटतात.

2025 मध्ये बीड पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली. हेतू चांगलाच. पण ‘कुणाचा रे तू?’ हा आपला पहिला प्रश्न असतो, तो पाटीनं थांबत नाही. भिंतीचंही तेच. उद्या प्रशासनानं चुना फासला, तर आठ दिवसांत नवा वाघ उभा राहील. म्हणून नुसतं पुसून भागणार नाही. त्या जागी काय काढायचं, ते गावानं एकत्र बसून ठरवायला हवं.

बेलफास्टमध्ये भिंतींवर बंदूकधारी रंगवलेले असायचे. 2006 मध्ये उत्तर आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलनं वस्त्यांशी बोलून अशी चित्रं बदलायचा कार्यक्रम सुरू केला. पुढे 2012 मध्ये सँडी रो भागातला एक प्रसिद्ध बंदूकधारी गेला आणि तिथं तिसरा विल्यम राजा आला. राजाही त्याच बाजूचा! म्हणजे भांडण मिटलं नाही. पण शाळेला जाणाऱ्या पोरांवर रोखलेली बंदूक तरी गेली.

आमच्या कामात एक ओळ कोड टाकायचा तर आधी दुसऱ्यानं तपासावा लागतो. अख्खं गाव रोज वाचतं त्या भिंतीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. रात्रीतून चार पोरं येतात आणि रंगवतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आहे. चित्राचा विषय आधी तिथं ठेवा. ऊस तोडायला सगळ्या जातींच्या बाया जातात, मोळीचं ओझं सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच असतं. त्यांना काय बघायचंय, हे आजवर कुणी विचारलंय?

‘चित्रानं आरक्षणाचा प्रश्न सुटतो का?’ नाही सुटत. तो सरकारशी भांडूनच सोडवायचा. पण त्यासाठी शेजाऱ्याची वाट कशाला अडवायची?

आमच्या घराच्या भिंतीवरही ‘आपलं’ चित्र आहे. चुलतभावानं काढलंय. तेव्हापासून माझा शाळेतला मित्र मागच्या बोळीतून येतो. मी दोन वर्षं गप्प बसलो. सुरुवात याच भिंतीपासून करा. वडील चिडतील, भाऊ अबोला धरेल. रंगाचे पैसे मी देतो. काय काढायचं, ते मात्र मी एकटा ठरवणार नाही.