टोपलीभर मातीचे ओझे



धान कापणीला आले आहे. सुवा नाचणाऱ्या मुलींचे गट दारोदार येऊन गेले. सुरहुतीच्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या, रात्री गौरा-गौरीची वरात निघेल आणि मग राऊत नाचाच्या काठ्या घुमू लागतील. रायपूरच्या तात्यापारा, बुढापाऱ्यातल्या मराठी घरांवर आकाशकंदील लागले आहेत. भोसल्यांच्या काळापासून या मातीत रुजलेल्या आपल्या समाजाला छत्तीसगडी आणि मराठी या दोन्ही दिवाळ्या आपल्याच वाटतात. 1 नोव्हेंबर 2025 ला छत्तीसगड राज्याला पंचवीस वर्षे पूर्ण होतात, म्हणून हा सण आणखी मोलाचा आहे. ज्या भूमीने आपल्याला घर दिले, तिच्याविषयी आज काही स्पष्ट बोलणे आम्हाला आपले कर्तव्य वाटते.

हा विषय हसदेव अरण्याचा आहे. कोरबा, सरगुजा आणि सूरजपूर जिल्ह्यांत पसरलेले हे जंगल सुमारे 1,70,000 हेक्टरांचे आहे. साल, मोह, तेंदू आणि चारोळीची ही दाट वने हत्तींच्या वाटेवर आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचून इथल्या गोंड व इतर आदिवासी कुटुंबांच्या घरात रोख पैसा येतो. महानदीला मिळणारी हसदेव नदी या जंगलातून पाणी गोळा करते. बांगो धरण त्यावरच भरते आणि जांजगीर-चांपाची भातशेती त्यावरच पिकते. त्याच जमिनीखाली कोळसा आहे.

2010 च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेच हे क्षेत्र खाणकामासाठी वर्ज्य ठरवले होते. तरीही 2011 मध्ये वन सल्लागार समितीचा नकार डावलून परसा ईस्ट केते बासन खाणीला हिरवा कंदील मिळाला. राजस्थानच्या सरकारी वीज निगमाची ही खाण अदानी समूह चालवतो. पहिल्या टप्प्यात 762 हेक्टर वनजमीन जाणार होती आणि तिच्यातला कोळसा पंधरा वर्षे पुरेल, असे सांगितले गेले होते. 2013 मध्ये उत्खनन सुरू झाले. 2018 मध्ये खाणीची क्षमता वर्षाला 1 कोटी टनांवरून दीड कोटी टनांवर नेली गेली आणि दशक पुरे होण्याआधीच पहिला टप्पा संपत आल्याचे जाहीर झाले. मग 2022 मध्ये 1,136 हेक्टरांच्या दुसऱ्या टप्प्याला परवानगी मिळाली. त्यानंतर शेजारच्या परसा खाणीसाठी झाडे पडली. 2025 मध्ये केते एक्स्टेन्शन या आणखी एका खाणीचा प्रस्ताव पुढे सरकला आणि त्यात सुमारे 1,742 हेक्टर वनजमीन आहे. अशा रीतीने प्रत्येक खाण पुढच्या खाणीचे कारण बनते. पहिली परवानगी देताना जी मर्यादा आखली, तीच पुढे मोडायची असेल तर ती आखली कशासाठी?

विजेची गरज खोटी नाही. राजस्थानातल्या घरांनाही दिवे हवेत, तिथल्या शेतकऱ्याच्या पंपालाही वीज हवी. पण या प्रश्नाचे उत्तर सरकारी कागदातच आहे. जुलै 2023 मध्ये छत्तीसगड सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. चालू खाणीतला सुमारे 35 कोटी टनांचा साठा राजस्थानच्या 4,340 मेगावॉटच्या वीज केंद्रांना जवळपास वीस वर्षे पुरू शकतो, म्हणून नव्या खाणीची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. हे उत्तर खोडून न काढताच कुऱ्हाड चालू राहिली आहे.

भारतीय वन्यजीव संस्थेने 2021 मध्ये दिलेला इशारा तितकाच गंभीर होता. देशातल्या रानटी हत्तींपैकी तीन टक्क्यांहूनही कमी हत्ती छत्तीसगडमध्ये आहेत, पण हत्तींच्या हल्ल्यात जाणाऱ्या माणसांपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक माणसे इथली असतात. जंगल आणखी तुटले तर हा संघर्ष हाताबाहेर जाईल, म्हणून चालू खाण वगळता उरलेले क्षेत्र अस्पर्श ठेवावे, असे संस्थेने सुचवले. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावू, हे आश्वासन इथे अपुरे पडते. सालाचे जंगल लागवडीने सहजी उभे राहत नाही आणि रोपांच्या रांगांतून नदीचे झरे वाहत नाहीत.

ऑक्टोबर 2021 मध्ये हसदेवचे गावकरी सुमारे 300 किलोमीटर चालत आपल्या रायपुरात आले. त्यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना सांगितले की खाणीला आमच्या ग्रामसभेची संमती नाही, जे ठराव दाखवले जातात ते बनावट आहेत. मार्च 2022 पासून हरिहरपूरला त्यांचे धरणे सुरू झाले. 26 जुलै 2022 रोजी विधानसभेने हसदेवमधले कोळसा खंड रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये पोलीस बंदोबस्तात झाडे पाडली गेली. 2024 मध्ये राज्याच्या अनुसूचित जमाती आयोगानेही त्या ग्रामसभा ठरावांवर गंभीर आक्षेप घेतले. परवानगी एका पक्षाच्या राज्यात दिली गेली आणि डिसेंबर 2023 मधली ही झाडे दुसऱ्या पक्षाच्या राज्यात पडली. म्हणून हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

या निमित्ताने माधवराव सप्रे यांची आठवण होते. मराठी घरात जन्मलेल्या या संपादकाने रायपूरच्या वामनराव लाखे यांच्या साथीने 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. 1901 मध्ये त्यात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी कथा आली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. तो वकिलांना हाताशी धरतो, न्यायालयातून ताबा मिळवतो आणि म्हातारीला हाकलतो. एक दिवस ती परत येते आणि नातीसाठी चूल करायला झोपडीतली टोपलीभर माती मागते. ती भरलेली टोपली डोक्यावर चढवायला तिने विनवल्यावर जमीनदार हात लावतो, पण टोपली त्याच्याने उचलवत नाही. म्हातारी म्हणते, एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदार शरमतो आणि झोपडी परत करतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या कथेत जमीनदाराचा कागद रीतसर होता. अन्याय होता तो म्हातारीच्या इच्छेला शून्य किंमत देण्यात. हसदेवच्या ग्रामसभांचे म्हणणेही तेच आहे. पेसा या अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याने आणि वनहक्क कायद्याने त्यांच्या मताला कायदेशीर स्थान दिले आहे. ज्यांना फक्त होकारच देता येतो, त्यांच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

प्रश्न केवळ जंगलाचा नाही: केते एक्स्टेन्शनच्या जवळच रामगढचा डोंगर आहे. तिथल्या सीताबेंगा आणि जोगीमारा गुंफांत ख्रिस्तपूर्व काळातले ब्राह्मी लेख आहेत. मेघदूतातला रामगिरी हाच, अशी इथल्यांची श्रद्धा आहे; संशोधक वा. वि. मिराशींनी मात्र तो मान रामटेकला दिला. तो वाद विद्वानांनी सोडवावा. आषाढाच्या पहिल्या दिवशी जिथे सरकार महोत्सव भरवते, त्या डोंगराला सुरुंगांच्या हादऱ्यांनी तडे जात असल्याची तक्रार स्थानिक लोक करत आहेत. त्या तक्रारीची स्वतंत्र आणि जाहीर तपासणी व्हायलाच हवी.

लोकांनी ठरवले तर खाण थांबते. चंद्रपूरला ताडोबाच्या कडेवरचा लोहारा कोळसा प्रकल्प 2009 च्या सुमारास जनतेच्या विरोधानंतर मागे पडला. हसदेवच्या लढ्यातले आलोक शुक्ला यांना 2024 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तो त्या गावांच्या चिकाटीचा गौरव आहे.

म्हणून राज्याच्या पंचविशीत आमच्या तीन मागण्या आहेत. विधानसभेचा 2022 चा ठराव अमलात आणावा आणि हसदेवमध्ये खाणींचा विस्तार थांबवावा. वादग्रस्त ग्रामसभा ठरावांची स्वतंत्र चौकशी होऊन तिचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. रामगढ आणि हसदेवच्या पाणलोटाला कायमचे कायदेशीर संरक्षण मिळावे.  वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या आमदाराला आणि खासदाराला या मागण्या लेखी कळवा, आणि हसदेवची माणसे पुन्हा रायपुरात येतील तेव्हा त्यांच्यासोबत उभे राहा. मराठी माणूस या प्रदेशात पाहुणा राहिलेला नाही, तेव्हा इथल्या जंगलाच्या प्रश्नातही त्याने बाजूला राहू नये.

 

— संपादक