दोघांनीच पंढरपूर गाठायचे असेल तर

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते, तेव्हा रिसोडचा मुक्काम उरकून सेनगावच्या वाटेला लागते. तिच्या मागे चार पावले चालून परत फिरलेल्या कित्येकांनी मित्राला म्हटले असेल, "एक वर्ष आपण दोघंच पायी जाऊ." खरोखर मनात असेल तर जरूर जा. पण पालखीबरोबर मुक्कामाची सोय असते, पंगत असते, आजाऱ्याला बसवायला गाडी असते. दोघांजवळ यातले काहीच नसते. रिसोडहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट आहे. रोज वीसेक किलोमीटर धरले तरी, एकदोन दिवस विसावा जमेस धरून, पंचवीस दिवस घराबाहेर काढावे लागतील.

आधी महिना ठरवा. आषाढीची वाट शेतकऱ्याने धरायची म्हणजे पेरणी दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि सोयाबीनची पेरणी कुणासाठी थांबत नाही. शिवाय त्या दिवसांत विजा पडतात आणि काळी माती पायाला धरून बसते. कार्तिकीला निघाल तर दिवाळी वाटेतच येईल. लेकराबाळांच्या घरातून त्या दिवसांत निघू नये. माझ्या मते आपल्याकडच्या माणसाला माघी वारी सोयीची. जानेवारीत ऊन सोसवते, सोयाबीन विकून झालेले असते, हरभऱ्याला काढणीपर्यंत वेळ असतो. फक्त तुरीचे आणि हरभऱ्याच्या पाण्याचे कोण बघणार, ते घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या.

मग दोघे समोरासमोर बसा. एकमेकांना सांगायला अवघड वाटते तेच इथे सांगायचे आहे. कुणाला शुगर आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या गोळ्या चालू आहेत. एकाला प्रत्येक देवळात तासभर बसायचे असते, दुसऱ्याला उन्हाआधी मुक्काम गाठायचा असतो. दहाव्या दिवशी भांडण याच्यावरूनच होते. चाल हळू चालणाऱ्याची धरा आणि त्यालाच पुढे ठेवा. पैसा एका पाकिटात सारखा टाका, खर्च त्यातूनच करा आणि रोज रात्री हिशेब लिहा. मैत्री कितीही जुनी असली तरी हे करा.

सगळ्यात महत्त्वाचे, एकाचा पाय गेला तर दुसऱ्याने काय करायचे? हे आजच ठरवा. मी म्हणेन, आजाऱ्याला एकटे एसटीत बसवून देऊ नये. दवाखाना दाखवावा, घरचे माणूस येईपर्यंत थांबावे, मग पुढे जायचे की नाही ते बघावे. परभणी, गंगाखेड, परळी, धाराशिव, सोलापूर इथे रेल्वे आहे. परतायची वेळ आलीच तर ही ठिकाणे लक्षात असू द्या. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असावा.

पाठीवर पाच-सहा किलोंच्या वर ओझे नको. एक अंगावर, एक पिशवीत असे कपडे, रात्रीच्या थंडीसाठी चादर आणि कानटोपी, पाणी, औषधे, आधार कार्डाची प्रत. बूट नवे घेतले तर दोन महिने आधी घ्या. मोज्यांचे तीन जोड असू द्या. ओला मोजा पायात ठेवला की फोड आलाच. पायाला कुठे चुरचुरले की लगेच थांबून तिथे पट्टी लावा, मुक्कामाची वाट पाहू नका. जुलाब लागले आणि ओआरएसची पुडी जवळ नसली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे.

जानेवारीतला मोठा धोका उसाच्या ट्रॅक्टरचा. कारखाने चालू असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून गाड्या रात्रंदिवस धावतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. पहाटेच्या अंधारात चालू नका, उजाडल्यावरच निघा. समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक चाला. चमकणारी पट्टी पाठपिशवीवर शिवून घ्या.

वाट मात्र भाग्याची आहे. नर्सी नामदेवांची, गंगाखेड जनाबाईंचे, तेर गोरोबाकाकांचे, मंगळवेढा दामाजीपंतांचे आणि कान्होपात्रेचे. मध्ये औंढा नागनाथ, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर. आपली संतमंडळी ज्या गावांत राबली, ती गावे पायांखालून जातात. गाडीतून हे कळत नाही. या मोठ्या क्षेत्री मुक्कामाची सोय होते. मधल्या खेड्यांत दिवस मावळायच्या आधी पोहोचा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून देवळात पथारी टाकायची परवानगी मागा. रोज संध्याकाळी घरी एक फोन करून मुक्कामाचे गाव सांगा. एकादशीच्या गर्दीत दर्शनाला फार वेळ लागतो, म्हणून दोन दिवस आधी पोहोचलेले बरे.

आणि तारीख पक्की करण्याआधी, डिसेंबरात कधीतरी, भरलेली पिशवी पाठीवर घेऊन रिसोडहून पानकन्हेरगाववरून सेनगावला चालत जा. तिथे रात्र काढा, दुसऱ्या दिवशी तसेच पायी परत या. पहिला दिवस कुणालाही जमतो. दुखरे अंग घेऊन दुसऱ्या दिवशी उठता येते का, हे बघायचे आहे. परत आल्यावर टाचा, खांदे आणि एकमेकांशी बोलणे शाबूत असेल, तर घरच्यांना तारीख सांगा.